पाचवा रिकामा ड्रम

गोंदियाला भाचीचं साक्षगंध आटोपून देवानंद गजभिये तीन दिवसांनी कामावर आला आणि फाटकातच थबकला. आपण चुकून शेजारच्या कारखान्यात तर शिरलो नाही ना, असं त्याला क्षणभर वाटलं. कुंपणाची गंजकी जाळी चंदेरी झाली होती. लेथ मशीनच्या पायांना हिरवा रंग लागला होता. तारेवर पताका फडफडत होत्या.

सप्टेंबरची सोळा तारीख होती. उद्या विश्वकर्मा पूजा. भिलाईत ज्याचा ज्याचा म्हणून लोखंडाशी संबंध येतो, तो या दिवशी हातातलं हत्यार खाली ठेवतो आणि त्याला कुंकू लावतो. त्यामुळे आधीचे चार दिवस प्रत्येक लहानमोठ्या वर्कशॉपात लग्नघरासारखी धांदल उडालेली असते. हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या या चाळीस माणसांच्या वर्कशॉपातही ती दरवर्षी असायची. देवानंद इथला स्टोअरकीपर. तेल, ग्रीस, थिनर, आम्ल, सगळं त्याच्या ताब्यात. एकवीस वर्षं झाली होती त्याला. आठ महिन्यांनी तो निवृत्त होणार होता.

तो ऑइल स्टोअरकडे वळला.

ऑइल स्टोअर म्हणजे तीन बाजूंनी भिंती, वर पत्रा आणि पुढून सताड उघडी अशी शेड. ती धुऊन पुसून रिकामी केली होती. आतले भरलेले ड्रम मागच्या भिंतीला बाहेरून लावून उन्हात उभे केले होते आणि ते सगळेच्या सगळे निळे झाले होते. प्रत्येकाच्या पोटावर पिवळा पट्टा. लग्नातल्या बँडवाल्यांसारखे एका गणवेशात. कोणत्या ड्रमात काय आहे हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या, देवानंदने स्वतःच्या हाताने घातलेले नंबर, लाल चौकोनातली ज्वाळेची खूण, सगळं त्या निळ्या रंगाखाली गडप झालं होतं.

गुड्डू हातात ब्रश घेऊन शिडीवरून उतरला. वर्कशॉपातला वेल्डर तो, पण सणासुदीला रंगारीही तोच. कौतुकाची वाट पाहत तो देवानंदसमोर उभा राहिला.

"कैसा लग रहा है, बाबूजी? एकदम टनाटन न?"

"गुड्डू, इन पर जो लिखा था, वो कहाँ गया?"

"कहीं नहीं गया, बाबूजी. रंग के नीचे है."

देवानंदला हसू आलं नाही. त्याने शेडच्या आतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथे आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतः काळ्या रंगात अकरा नियम लिहिले होते. नाव नसलेलं भांडं आत येणार नाही. थिनर आणि रॉकेल जाळीत, कुलपाआड. आम्ल आणि कॉस्टिक एकमेकांपासून दूर. तेलाचा ड्रम ट्रेवरच, उघड्या जमिनीवर नाही. असे अकरा. आता भिंत फिक्कट पिवळी झाली होती आणि मधोमध झेंडूची माळ लटकत होती.

रागवावं कोणावर, हे त्याला समजेना. रजेवर जाताना स्टोअरच्या किल्ल्या त्याने स्वतःच फोरमन पंजाबरावच्या हातात ठेवल्या होत्या. 'काही लागलं तर असू द्या' म्हणाला होता. रंगाचं तेव्हा सुचलंच नाही. सुचायला हवं होतं. दरवर्षी रंग लागतो. पण आजवर मशीनना लागायचा, ड्रमांपर्यंत कधी आला नव्हता.

दुपारपर्यंत तो डोक्यावर रुमाल बांधून उन्हात ड्रम ओळखत बसला. हुंगून ओळखायचं नाही, हा नियम त्यानेच सगळ्यांना शिकवला होता. आणि हुंगूनही उपयोग नव्हता. आवारभर ताज्या ऑइल पेंटचा वास इतका दाटला होता की त्यापुढे दुसरा कुठलाच वास नाकाला कळत नव्हता. मग त्याने एकेका ड्रमाचं बूच उघडलं आणि लोखंडी सळई आत सोडून वर काढली. हायड्रॉलिक तेल सळईवरून मधासारखं ओघळायचं. गिअर ऑइल काळं, चिकट, सळईला सोडता सोडायचं नाही. थिनरने मात्र सळई नुसती ओली व्हायची आणि बघता बघता सुकून जायची. थिनरचा भरलेला ड्रम त्याला सातव्या खेपेला सापडला. दोघांना हाताशी घेऊन त्याने तो सावलीत, जाळीत नेला, कुलूप लावलं, खडूने वर मोठं नाव लिहिलं आणि तेव्हा कुठे डबा उघडला.

दुसरा घास तोंडात असतानाच त्याला रिकाम्या ड्रमांची आठवण झाली.

हात तसाच उष्टा ठेवून त्याने रजिस्टर उघडलं. 'रिकामे: हायड्रॉलिक चार, थिनर एक.' अक्षर त्याचंच होतं. तो उठून मागच्या नळाकडे गेला. तिथे एक रिकामा ड्रम उभा होता, त्यावर कोणीतरी साबणाची वडी ठेवली होती. बूच काढून त्याने सळई तळाशी फिरवली. टोकाला मधासारखा थेंब आला. हा हायड्रॉलिकचा.

मग उरलेले चार?

तो शेडच्या पुढच्या बाजूला आला. आत चार निळे ड्रम चौकोनात मांडले होते. त्यांच्यावर जाड प्लायवूडची फळी टाकलेली आणि पंजाबराव गुडघ्यांवर बसून फळीच्या कडेला लाल कापडाची झालर ठोकत होता. मूर्तीचा ओटा तयार होत होता.

भरलेल्या ड्रमाला सगळे भितात. रिकाम्याला कोणीच भीत नाही. त्यावर बसतात, चहा पितात, उन्हाळ्यात त्याला कापून पाण्याची टाकी करतात. पण थिनरचा ड्रम रिकामा झाला म्हणजे त्यातलं थिनर संपतं, वाफ संपत नाही. बंद डब्यात वाफ आणि हवा एकत्र कोंडलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते. भरलेला ड्रम पेटला तर जळतो, पळायला वेळ तरी देतो. रिकामा फुटतो. त्यातून ती वाफ हवेपेक्षा जड. बुचाच्या फटीतून निघाली की खाली उतरते आणि जमिनीवरून सरपटत निघते. उद्या त्या ओट्यापुढे तीन हातांवर समई तेवणार होती आणि शेजारी हवन पेटणार होतं.

देवानंदला हे सगळं पाठ होतं. आणि तरी भिंतीवरच्या त्या अकरा ओळींत रिकाम्या ड्रमाबद्दल एक ओळ नव्हती. जागा उरली नव्हती म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

तो ओट्याकडे चार पावलं गेला.

"ये रे देवा!" पंजाबरावने तोंडातले खिळे हातात घेतले. दर्यापूरकडचा माणूस, देवानंदच्या आधी दोन वर्षं इथे लागलेला. दोघं एकमेकांशी घरच्या बोलीत बोलायचे, बाकी वर्कशॉपशी हिंदीत. "कसं झालं साक्षगंध? पोरगा कसा हाये?"

"चांगला हाये. रेल्वेत हाये."

"मंग तोंड कावून उतरलं तुयं? प्रवास झेपत नाही वाट्टे आता."

"पंजाबराव, हे ड्रम..."

"ड्रम मस्त झाले ना? गुड्डूनं जीव टाकला बापा. मीच म्हटलं त्याले, एकासारखे एक दिसले पायजे. सेठनं फोटो मागतला हाये."

तेवढ्यात फाटकात टेम्पोचा हॉर्न वाजला. मूर्तिकारांच्या थनौद गावाहून मूर्ती आली होती. पंजाबराव खिळे खिशात टाकून धावला, त्याच्या मागे सगळं वर्कशॉप धावलं. देवानंद झालरीपाशी एकटा उभा राहिला. आता सांगावं, मूर्ती खाली उतरायच्या आत. तो फाटकापर्यंत गेला. तिथे जयजयकार चालला होता. तो परत शेडपाशी आला. पुन्हा गेला. या वेळी मूर्ती सहा जणांच्या हातांवर होती, हत्तीवर बसलेली, चेहऱ्यावर गुलाबी कागद बांधलेला, आणि पंजाबराव उलटा चालत 'धीरे, धीरे' करत होता. देवानंदने तोंड उघडलं. कोणीतरी त्याला म्हणालं, "बाबू, जरा बाजू हटो." तो बाजूला झाला.

त्याच्या तोंडाला कुलूप कशाचं होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो बौद्ध. पूजेच्या दिवशी तो येतो, कपाटाच्या किल्ल्या देतो, मागे उभा राहतो, हात जोडत नाही. एवढं सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. पण पाच वर्षांपूर्वी त्याने पूजेनंतरच्या फटाक्यांची लड ऑइल स्टोअरजवळ लावू दिली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी हजेरीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'बाबू को भगवान से एलर्जी है.' पंजाबरावने ते पुसलं, दोघाचौघांना झापलं. पण पुढे कित्येक महिने तो स्टोअरच्या खिडकीत बसला की बाहेरचं बोलणं मध्येच थांबायचं. त्या वेळी तर नुसती लड हलवायची होती. आता मूर्ती हलवायची होती.

हुडको वसाहतीतल्या घरी संध्याकाळी बायकोने, शीलाने चहा पुढे ठेवला, तो निवून त्यावर साय धरली.

"काय झालं? आल्यापासून दारात अन् खिडकीत करून राह्यले तुमी."

त्याने सांगितलं. शीला ऐकता ऐकता भाजी निवडायची थांबली.

"अन् तुमी पंजाबरावले सांगितलं नाही?"

"सांगनार होतो. टेम्पो आला."

"टेम्पो आला!" ती म्हणाली. "मी काय म्हनतो, तुमची खात्री हाये का? तुमीच लिवलं, तुमीच चुकले नसान कावून? थिनरचा भंगारवाल्याले गेला असन, अन् त्याच्या जागी तेलाचा एखांदा रिकामा झाला असन."

हाच प्रश्न त्याला दुपारपासून कुरतडत होता. मागच्या महिन्यात भंगारवाला आला होता. त्या दिवशी देवानंदला ताप होता. नोंद केली होती की करायची राहिली होती? वर्षानुवर्षं वही लिहिणारा मुनीम एखाद्या दिवशी चुकू शकतो, तसा तोही चुकला असेल. मग चाळीस जणांसमोर मूर्ती उतरवायची आणि खाली निघायचे चार तेलाचे ड्रम. त्यानंतरचे आठ महिने कसे जातील, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

"खात्री नाही," तो म्हणाला.

"मंग जाऊ द्या न. आठ महिने राह्यले. इज्जतीनं बाहेर पडा."

थोडा वेळ ती भाजी निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "पूजेले बायका-लेकरं बी येतेत न थ्या दिवशी?"

"येतेत."

ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

सकाळी तो तासभर आधीच निघाला. सायकल नेहमीच्या रस्त्याने आपोआप चालत होती आणि तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. कसंही जुळवलं तरी वाक्याच्या सुरुवातीला 'मूर्ती' यायची.

वर्कशॉपात अगरबत्तीचा घमघमाट होता. निम्मी माणसं आली होती, नवे कपडे घालून. काहींच्या बरोबर बायको, मुलं. ओट्यापुढे विटांचं हवनकुंड रचून तयार होतं. पितळेची समई तेलाने भरून ठेवली होती, वाती अजून कोरड्या होत्या. पंडितजी अकराला येणार होते, सेठ दुर्गहून साडेदहाला.

पंजाबराव आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून केळीचे खांब बांधत होता. देवानंदने त्याचा दंड धरला आणि त्याला जवळजवळ ओढतच लेथच्या मागे नेलं.

"अबे, खांब पडन तो! झालं काय?"

"वट्याखाली जे चार ड्रम हायेत न, त्यातला एक थिनरचा हाये."

"रिकामा हाये न पन."

"रिकामा हाये म्हनूनच सांगून राहिलो."

पंजाबरावही तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस होता. त्याला समजवावं लागलं नाही. त्याने वळून शेडकडे पाहिलं. लाल झालर, झेंडूच्या माळा, गुलाबी कागदामागचा देव.

"कोनता?"

"थेच त माहीत नाही. सगळे निळे."

"मंग चुकला असशीन तर?"

"तर चुकलो."

"देवा," पंजाबरावने आवाज खाली आणला, "आरती होऊ दे. हवन लहान करतो मी. सेठ गेला की तूच काय, मी सोता काढतो तो ड्रम."

"समई लागनार हाये न पंजाबराव. त्यात काय लहान मोठं?"

"तुले समजून राह्यलं का, तू बोलशीन त लोक काय म्हनतीन?"

"समजते. रातभर थेच समजून राहिलो."

पंजाबरावने टिळ्यावरून हात फिरवला, तो पुसटला. "अस्सं कर. तू बोलूच नको. मी म्हनतो मले आठवलं. माह्यावर कोनी बोट नाही दाखवनार."

देवानंदला एकदम हलकं वाटलं. किती सोपं होतं! तो मान हलवणारच होता. पण पंजाबराव तिथेच उभा होता, पाय हलवत नव्हता, आणि त्याची नजर फाटकाकडे, सेठची गाडी कधी येते तिकडे लागली होती. ड्रम त्यानेच निवडले होते, ओटा त्यानेच बांधला होता. तो सांगेल, पण पाच मिनिटांनी सांगेल, मग दहा मिनिटांनी, मग आरतीनंतर. हे देवानंदने ओळखलं, कारण काल दिवसभर तो स्वतः तेच करत होता.

तो लेथमागून बाहेर आला आणि थेट शेडपुढे जाऊन उभा राहिला.

"सुनो भाई लोग," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलंच नाही. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "मूर्ति को थोड़ी देर के लिए उतारना पड़ेगा. नीचे जो ड्रम हैं, उनमें एक थिनर का है. दिया जलने से पहले निकालना पड़ेगा."

गलका थांबला. एका लहान मुलाची पिपाणी तेवढी वाजत राहिली.

"लो," क्रेन चालवणारा प्रितम म्हणाला. उंच, तोंडाळ माणूस. फळ्यावरचं ते वाक्य त्याचंच असावं असा सगळ्यांचा अंदाज होता. "हर साल कुछ न कुछ निकलता ही है बाबू का."

दोघंतिघं हसले.

"खाली ड्रम है, बाबूजी," कोणीतरी समजुतीच्या स्वरात म्हणालं.

"खाली है, इसीलिए बोल रहा हूँ."

"कौन सा वाला है?"

"मालूम नहीं. चारों में से कोई एक." आणि मग, कोणी विचारलं नसताना तो म्हणाला, "हो सकता है मैं गलत हूँ."

हे बोलायला नको होतं, असं त्याला बोलताक्षणी वाटलं. प्रितमने दोन्ही हात हवेत उडवले. "सुन लिया? गलत भी हो सकते हैं! और भगवान को उठाएगा कौन? आप? हाथ लगाओगे?"

देवानंदने फळीकडे पाहिलं. चार कोपरे, चार माणसं.

"लगाऊँगा," तो म्हणाला.

चढवलेल्या फुलांपाशी चपला-बूट घालून कोणी जात नव्हतं. तो खाली बसला आणि सेफ्टी शूजच्या नाड्या सोडू लागला. उजव्या बुटाची गाठ काही सुटेना. सगळे बघत होते. ओढावी तशी गाठ आणखीच आवळत होती. शेवटी त्याने बूट तसाच ओढून काढला, मोजा अर्धा त्यातच राहिला. तो उठला आणि मागच्या उजव्या कोपऱ्याला जाऊन फळी धरली. समोरच्या कोपऱ्यावर पंजाबराव आला. गुड्डू डाव्या अंगाला. चौथा कोपरा रिकामा राहिला. प्रितमने इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला, आणि चपला भिरकावून तोही आला.

"एक साथ. हाँ."

मूर्ती हातभर वर उचलली गेली. मातीचं वजन, देवानंदच्या मनगटात कळ आली. दोघंजण लाकडी पॅलेट आणायला धावले, ती येऊन मूर्तीला जागा मिळेपर्यंत चौघांना तसंच उभं राहायचं होतं. देवानंदने फळीखालून मान वाकवून पाहिलं. एका ड्रमाचं बूच घट्ट होतं. दुसऱ्याचं घट्ट. तिसऱ्याचंही. चौथा गुड्डूच्या पायांशी होता. त्याला बूच नव्हतंच. भोकात निळ्या रंगाची चिंधी कोंबलेली होती.

त्याच क्षणी गुड्डूनेही खाली पाहिलं.

"अरे बाप रे," तो म्हणाला. "ये तो... बाबूजी, ये तो मेरा वाला है."

"तेरा वाला मतलब?"

"ब्रश धोया था न परसों. थिनर बच गया था आधा बाल्टी. फेंकने का नियम नहीं है, आप ही तो बोलते हो, नाली में नहीं डालना. तो मैंने... खाली ड्रम था, उसमें डाल दिया. ढक्कन नहीं मिला तो कपड़ा ठूँस दिया."

फळी एकदम थरथरली, कारण प्रितमने पाय मागे घेतले होते.

"हिलना मत!" देवानंद ओरडला. या वेळी आवाज सगळ्या आवारात गेला. "कोई मोबाइल नहीं, कोई बीड़ी नहीं, अगरबत्ती सब बाहर ले जाओ. बच्चों को गेट पे. पहले मूर्ति."

मूर्ती पॅलेटवर टेकली. पंजाबरावने स्वतः जाऊन जळत्या अगरबत्त्या गोळा केल्या आणि फाटकाबाहेर नेऊन मातीत खुपसल्या. देवानंदने चिंधीच्या वर ओलं बारदान दाबलं. तो आणि गुड्डू दोघांनी मिळून ड्रम आडवा न करता, उभ्याउभ्याच, इंचाइंचाने ढकलत मागच्या नळापाशी मोकळ्यावर नेला. शेडमध्ये जाऊन त्याने उरलेल्या तिन्ही ड्रमांत सळई फिरवली, तिन्हींतून मधासारखा थेंब आला; म्हणजे थिनरचा ड्रम तो गुड्डूचाच. नळापाशी परतल्यावर कुठे देवानंदच्या लक्षात आलं की आपण धापा टाकतो आहोत.

त्याने चिंधी काढली आणि नळाची रबरी पाइप भोकातून आत सोडली. पाणी तळाशी पडल्याचा पोकळ आवाज आला.

तेवढ्यात, अर्धा तास उशिराने, सेठची गाडी आली, मागोमाग स्कूटरवर पंडितजी. शेडमध्ये बोलाचाली सुरू झाल्या. मूर्ती जागेवरून सरकलेली, झालर लोंबकळत असलेली पाहून सेठची बायको काही म्हणाली. सेठने चष्मा कपाळावर सरकवला.

"ये किसने हटवाया?"

"मैंने," पंजाबराव म्हणाला.

देवानंदने ते नळापाशी उभं राहून ऐकलं. काल हेच वाक्य कोणीतरी आपल्यासाठी म्हणावं म्हणून तो दोन वेळा फाटकापर्यंत गेला होता. आता ते कानावर पडलं आणि त्याला काही बरं वाटलं नाही. पंजाबरावचं म्हणणं सेठ ऐकेल, आणि मग पंजाबराव सेठचं ऐकेल. पाइप तशीच चालू ठेवून तो शेडच्या कोपऱ्यापर्यंत आला.

"मैंने कहा था, सेठजी. मेरे कहने पर उतारा है."

सेठने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, एका पायात मोजा, एका पायात नाही. पंजाबरावने दोन वाक्यांत थिनरचं सांगितलं. सेठने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि बराच वेळ नळाकडे बघत राहिला.

"हं. अब तो निकल गया न? पंडितजी, शुरू कीजिए."

"अभी नहीं," देवानंद म्हणाला.

"क्यों?"

"पानी भर रहा हूँ. पानी जैसे जैसे चढ़ेगा, अंदर की सारी गैस बाहर आएगी. इसी आवार में. पूरा भरने तक दिया नहीं जलेगा."

"कितना टाइम?"

"आधा-पौन घंटा."

पंडितजींनी घड्याळ पाहिलं. "साढ़े ग्यारह के बाद मुहूर्त ठीक नहीं है, सेठजी."

सगळे सेठच्या तोंडाकडे बघू लागले. मागून कोणीतरी, पुरेसं मोठ्याने, म्हणालं, "बाबू को तो मौका मिल गया." देवानंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य संध्याकाळपर्यंत हुडकोत पोचणार, नाक्यानाक्यावर थोडं बदलत जाणार, हे त्याला कळत होतं. तो वळला नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की समईपाशी कोणाचाही हात काडेपेटी घेऊन गेला, तर तो हात धरावा लागेल. आणि तो धरायला आपल्याखेरीज कोणी नाही.

"नल की धार तो देखो," प्रितमच शेवटी म्हणाला. "इससे तो शाम को भरेगा. अरे बाल्टी लाओ यार, मुहूर्त निकल जाएगा!"

चार जण टाकीकडे धावले. कोणी बादली आणली, कोणी डबा, गुड्डूने तर प्रसादाचं रिकामं पातेलं उचललं. प्रितमने भिंतीवरची लाल बादली ओढली आणि आतली वाळू उपडी करायला वाकवली.

"वो नहीं!" देवानंद धावला. "वो आग की बाल्टी है! उसकी रेत को हाथ मत लगाना!"

"एक बाल्टी से क्या होगा?"

"वही तो एक है जिसे नहीं छूना!"

प्रितमने बादली परत अडकवली आणि आकाशाकडे पाहून हात जोडले. "हे विश्वकर्मा भगवान, इस आदमी को जल्दी रिटायर करो." या वेळी हसले ते सगळेच, सेठही, आणि देवानंदला त्या हसण्यात काय आहे आणि काय नाही, ते नीट ठरवता आलं नाही. ठरवायला वेळही नव्हता. बादल्या येत होत्या, नव्या कपड्यांवर पाणी सांडत होतं, आणि प्रत्येक बादलीमागे तो ड्रमाच्या अंगाला हात लावून पाणी कुठवर आलं ते चाचपत होता. आता पट्ट्याच्या खाली. आता पट्ट्यावर. पोकळ आवाज चढत चढत बारीक होत गेला.

सव्वा अकरा वाजले. पंडितजी पोथी उघडून बसले होते, पण त्यांचीही नजर ड्रमाकडेच होती. शेडमधली चाळीस माणसं, बायका, फाटकापाशी रोखलेली पोरं, सगळी मूर्तीकडे पाठ करून एका निळ्या ड्रमाकडे बघत उभी होती.

पाणी भोकाच्या काठाशी आलं आणि त्याच्या डोक्यावर तरंगणारं थिनर इंद्रधनुष्याचे रंग दाखवत थरथरलं. देवानंदने हात वर करून सगळ्या बादल्या थांबवल्या. नळापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या रिकाम्या ड्रमाचं बूच काढून आणलं, या ड्रमाच्या भोकात बसवलं, चावीने आवळलं, पुन्हा एकदा आवळलं. मग त्याने नाक पुढे केलं, स्वतःच शिकवलेला नियम मोडून, आणि हुंगलं. रंगाचा वास येत होता. फक्त रंगाचा. तरी तो आणखी पाच मिनिटं तिथेच उभा राहिला, वारा कुठून कुठे जातो ते बघत.

अकरा पंचवीसला तो पंजाबरावकडे वळला.

"लाव आता," तो म्हणाला.